मराठीतल्या ‘जो’वरून इंग्रजी रिलेटिव्ह क्लॉज लिहिण्याची रीत

बडोद्यातील मराठी घरांत वाढलेली मुले घरी मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषा सहज वापरतात. तरीही इंग्रजी लिहिताना एका नामाविषयीची दोन विधाने एकाच वाक्यात गुंफायची वेळ आली की त्यांची लेखणी अडते. एकतर ती दोन सुटी वाक्ये लिहून मोकळी होतात, नाहीतर ‘द बुक विच आय बॉट इट वॉज टॉर्न’ असे वाक्य लिहितात. रिलेटिव्ह क्लॉजचे नियम पाठ नसतात म्हणून हे होते असे मला वाटत नाही, कारण नियम विचारले तर तीच मुले ते धडाधड म्हणून दाखवतात. अडचण अशी आहे की आपण मराठीतून जो विचार घेऊन निघतो, त्यात इंग्रजीला हवी असलेली बरीचशी माहिती उघड दिसत नाही. ती ‘जो, जी, जे’ यांच्या विभक्तीत असते आणि बोलताना आपण नेमका तो ‘जो’च गाळलेला असतो. तो परत आणायचा, त्याचे रूप तपासायचे आणि मग इंग्रजीकडे वळायचे, अशी रीत या लेखात मांडली आहे.

खालची इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, म्हणजे कॉमाच्या जागी पडणारा थांबा कानाला कळेल. पुढे त्याची गरज पडणार आहे.

‘जो’ परत आणणे

शाळेतील मराठी व्याकरणात मिश्र वाक्याचा एक प्रकार शिकवला जातो, ज्यात गौण वाक्य विशेषणाचे काम करते: ‘जो माणूस शेजारी राहतो, तो डॉक्टर आहे.’ इंग्रजीतील रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे हेच विशेषण वाक्य. परंतु घरात किंवा रावपुऱ्याच्या दुकानात असे वाक्य क्वचितच ऐकू येते. आपण ‘शेजारी राहणारा माणूस डॉक्टर आहे’ असे म्हणतो, किंवा ‘मी लिहितो ते पेन हरवले’ असे म्हणतो. पहिल्या प्रकारात सगळे वर्णन धातुसाधित विशेषणात आवळून नामाच्या आधी येते, आणि दुसऱ्यात ‘जे’ गळून नुसता ‘ते’ उरतो. इंग्रजीत मात्र नाम आधी येते आणि त्याचे वर्णन लगेच त्याच्या पाठीमागे उभे राहते: ‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर.’

समजा, आपल्या मनात असे वाक्य आहे: ‘खंडेराव मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या बाईंनी मला ओळखले.’ याचे थेट इंग्रजी करायला बसले की ‘विकणाऱ्या’पाशीच गाडे अडते, कारण त्या शब्दाला काळच नाही, त्या बाई आजही भाजी विकतात की पूर्वी विकत होत्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून आधी मराठीतल्या मराठीतच वाक्य उलगडावे: ‘ज्या बाई खंडेराव मार्केटमध्ये भाजी विकतात, त्यांनी मला ओळखले.’ आता ‘विकतात’ हा वर्तमानकाळ मिळाला आणि ‘ज्या’ ही प्रथमा मिळाली. मग ‘बाई’ हे नाम उचलून पुढे ठेवायचे, त्याला ‘हू’ जोडायचे, ‘ज्या’चे वाक्य तिथेच पूर्ण करायचे आणि मुख्य क्रियापद त्यानंतर आणायचे: ‘द वुमन हू सेल्स व्हेजिटेबल्स ॲट खंडेराव मार्केट रेकग्नाइज्ड मी.’ मराठीतील ‘त्यांनी’ला इंग्रजीत काहीच जागा मिळाली नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

शब्द निवडताना पहिला प्रश्न व्यक्ती की वस्तू हा असतो. मराठीतील ‘जी’ मुलीलाही चालते आणि खुर्चीलाही चालते, कारण आपली विभागणी लिंगाची आहे. गुजरातीतील मूळ ‘जे’ तर लिंग आणि वचन बदलले तरी तसाच राहतो. इंग्रजीला लिंगाशी घेणे नाही. व्यक्तीसाठी ‘हू’, इतर सगळ्यांसाठी ‘विच’, आणि ‘दॅट’ दोघांनाही चालतो, फक्त कॉमानंतर चालत नाही. प्राण्यांना सहसा ‘विच’ किंवा ‘दॅट’ लावतात. घरातल्या नावाच्या कुत्र्याला ‘हू’ म्हटले तर कोणी हरकत घेत नाही.

विभक्ती काय सांगते आणि कोठे फसवते

‘जो, जी, जे’ प्रथमेत असून तोच वर्णनातला कर्ता असेल, तर ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ येणार, यात गुंतागुंत नाही. खरी कसोटी ‘ज्याने’ आणि ‘ज्याला’ या दोन रूपांपाशी लागते.

‘ज्याने’ दोन वेगळी कामे करतो. ‘ज्याने हे घर बांधले तो गवंडी’ यात तो कर्ता आहे, केवळ भूतकाळामुळे त्याला ‘ने’ लागला आहे. म्हणून इंग्रजीत साधा ‘हू’ येतो: ‘द मेसन हू बिल्ट धिस हाउस.’ परंतु ‘ज्याने मी लिहितो ते पेन’ यात तो साधन आहे, म्हणून ‘द पेन आय राइट विथ’ किंवा औपचारिक लेखनात ‘द पेन विथ विच आय राइट’ असे लिहावे लागते.

‘ज्याला’ अधिक फसवा आहे. पुस्तकात वाचलेले असते की ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांच्या उभारणीसाठी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात आणले. ‘ज्या ग्रंथपालाला महाराजांनी अमेरिकेतून आणले’ याचे इंग्रजी ‘द लायब्रेरियन हूम सयाजीराव ब्रॉट फ्रॉम अमेरिका’ असेच होईल, कारण आणणारे महाराज आहेत आणि आणले गेले ते ग्रंथपाल. पण ‘ज्याला पोहता येते तो मुलगा’ याचे ‘द बॉय हूम कॅन स्विम’ केले तर ते चूक आहे. मराठीत भूक लागणे, आवडणे, येणे, हवे असणे, समजणे अशा असंख्य क्रियांत अनुभवणाऱ्याला ‘ला’ लागतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो. म्हणून ‘द बॉय हू कॅन स्विम’, ‘द चाइल्ड हू इज हंग्री’, ‘द पीपल हू नो गुजराती’. तसेच ‘ज्याच्याकडे गाडी आहे’ आणि ‘ज्याला तीन मुलगे आहेत’ यांत स्वामित्व दिसत असले तरी इंग्रजीत ‘हू हॅज अ कार’ आणि ‘हू हॅज थ्री सन्स’ असा कर्ताच येतो.

हा गुंता सोडवण्यासाठी वर्णनाचे छोटे इंग्रजी वाक्य वेगळे करून पाहावे. ‘ही कॅन स्विम’ असे होत असेल तर ‘हू’; ‘सयाजीराव ब्रॉट हिम’ असे होत असेल तर ‘हूम’. ‘ही, शी, दे’ आले की ‘हू’, आणि ‘हिम, हर, देम’ आले की ‘हूम’, हा ताळा कधी चुकत नाही. बोलण्यात ‘हूम’ आता फारसा ऐकू येत नाही. त्याच्या जागी लोक ‘हू’ म्हणतात किंवा शब्दच गाळतात. तरी अर्ज, निबंध आणि कचेरीतील पत्रव्यवहारात तो अजूनही शोभतो.

‘ज्याचा, ज्याची, ज्यांचे’ यांसाठी ‘हूज’ आहे आणि तो निर्जीव वस्तूंनाही चालतो: ‘द हाउस हूज रूफ इज लीकिंग.’ पुष्कळ विद्यार्थी येथे विनाकारण बिचकतात आणि ‘द हाउस ऑफ विच द रूफ’ असे ओढूनताणून लिहितात. ‘हूज’नंतर नाम लगेच येते, मध्ये ‘द’ घालायचा नाही. आणि ‘हू इज’चे आखूड रूप उच्चाराला अगदी असेच असल्यामुळे लिहिताना स्पेलिंग एकदा तपासून घ्यावे.

गाळलेले शब्दयोगी अव्यय

आपल्याकडील लेखनात सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्यांचे कारण पूर्णपणे मराठीत आहे. ‘मी बसलो ती खुर्ची मोडकी होती’ हे वाक्य घ्या. खुर्चीवर बसलो, पण ‘वर’ वाक्यात कोठेच नाही, आणि मराठीला त्याची गरजही नाही, कारण बसणारा आणि खुर्ची यांचे नाते ऐकणाऱ्याला आपोआप कळते. तीच सवय घेऊन इंग्रजी लिहिले की ‘द चेअर आय सॅट वॉज ब्रोकन’ असे वाक्य तयार होते आणि इंग्रजी वाचकाला ते लंगडे वाटते, कारण त्याच्या भाषेत ‘सॅट’ला ‘ऑन’ हवाच.

‘जो’ परत आणला की हरवलेले अव्यय आपोआप हाती येते. ‘ज्या खुर्चीवर मी बसलो’ असे म्हणताक्षणी ‘वर’ दिसतो आणि ‘ऑन’ सुचतो: ‘द चेअर आय सॅट ऑन वॉज ब्रोकन.’ ‘आपण राहिलो ते हॉटेल’ म्हणजे ‘ज्या हॉटेलात राहिलो’, म्हणून ‘द होटेल वी स्टेड इन’. ‘मी वाट पाहत होतो ती बस’ हे म्हणजे ‘ज्या बसची वाट पाहत होतो’, म्हणून ‘द बस आय वॉज वेटिंग फॉर’. या शेवटच्या उदाहरणात मराठीत ‘ची’ आहे आणि इंग्रजीत ‘फॉर’ आहे, म्हणजे अव्ययाचे शब्दशः भाषांतर करून भागत नाही. इंग्रजी क्रियापदाला कोणते अव्यय लागते ते ठाऊक असावे लागते. पण अव्यय हवे आहे, एवढी सूचना तरी मराठीतला ‘ज्या’ वेळेवर देतो, आणि अर्धे काम तेथेच होते.

हे अव्यय वाक्याच्या शेवटी ठेवावे की ‘विच’च्या आधी, याबद्दल जुन्या शिक्षकांचा शेवटी ठेवण्याला कडवा विरोध असे. आज दोन्ही रीती शुद्ध मानल्या जातात. बोलण्यात आणि साध्या लेखनात ते शेवटी ठेवणे स्वाभाविक आहे. औपचारिक अर्जात ‘द पोस्ट फॉर विच आय ॲम अप्लाइंग’ असे पुढे आणलेले बरे. पुढे आणल्यास मात्र ‘दॅट’ आणि ‘हू’ चालत नाहीत, केवळ ‘विच’ आणि ‘हूम’ चालतात. ‘द पर्सन टू हूम आय स्पोक’ बरोबर. ‘टू दॅट’ किंवा ‘टू हू’ नाही. आणि अव्यय दोन्ही ठिकाणी लिहायचे नाही, हे सांगावे लागते, कारण ‘इन विच वी लिव्ह इन’ असे वाक्य वहीत वरचेवर आढळते.

‘तो’ मागे सोडणे

मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो. तो नसेल तर वाक्य अधांतरी राहते. गुजरातीतही ‘जे’ला ‘ते’ची जोड लागते. त्यामुळे बडोद्याच्या मुलाच्या दोन्ही भाषा त्याला एकच सवय लावतात, आणि तीच इंग्रजीत बाधते. चूक दोन जागी होते. ‘द बुक विच आय बॉट, इट वॉज टॉर्न’ यात मुख्य वाक्यात ‘इट’ घुसले आहे, जो सरळ आपला ‘ते’ आहे. ‘द बुक विच आय बॉट इट’ यात ते वर्णनाच्या आत घुसले आहे, कारण ‘विच’ हेच ‘बॉट’चे कर्म आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले नाही. लिहून झाल्यावर वर्णनाचा भाग बोटाने झाकावा आणि उरलेले वाचावे: ‘द बुक वॉज टॉर्न.’ उरलेले वाक्य स्वच्छ असेल तर पहिली चूक नाही. मग फक्त वर्णन पाहावे आणि त्यात ‘विच’ ज्याच्या जागी आले आहे तो ‘इट’, ‘हिम’ किंवा ‘देम’ अजून रेंगाळतो आहे का, ते तपासावे.

‘विच’ किंवा ‘दॅट’ केव्हा गाळता येतो याचा नियम याच विचारातून निघतो. तो शब्द वर्णनातला कर्ता असेल तर गाळता येत नाही. कर्म असेल तर गाळता येतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याच्या पुढचा शब्द. पुढे लगेच क्रियापद असेल, जसे ‘हू लिव्ह्ज’, तर हात लावू नये. पुढे दुसरे नाम किंवा सर्वनाम असेल, जसे ‘विच आय बॉट’, तर ‘द बुक आय बॉट वॉज टॉर्न’ असे लिहिता येते आणि बहुतेक वेळा तेच अधिक सहज वाटते. आयईएलटीएसची तयारी करणारी मुले व्याकरणाच्या वैविध्याचे गुण मिळावेत म्हणून दर वाक्यात ‘विच’ कोंबतात. त्या परीक्षेत वैविध्याबरोबर अचूकतेचेही गुण असतात, आणि गाळता येणारा शब्द योग्य ठिकाणी गाळणे हेही भाषा येत असल्याचेच लक्षण आहे.

कॉमा

मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘माझा पुण्यात राहणारा भाऊ उद्या येणार आहे’ या वाक्यावरून मला एक भाऊ आहे की चार, हे कळत नाही आणि आपण ते विचारतही नाही. इंग्रजी मात्र तेवढे विचारल्याशिवाय राहत नाही. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज कमिंग टुमॉरो’ असे बिनकॉमाचे लिहिले तर वाचक समजतो की आणखीही भाऊ आहेत, त्यांपैकी पुण्यातला येणार आहे. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज कमिंग टुमॉरो’ असे लिहिले तर भाऊ एकच आहे आणि पुण्याचा उल्लेख केवळ जादा माहिती म्हणून आला आहे.

निर्णय घेण्यासाठी वर्णन काढून टाकावे आणि ऐकणारा ‘कोणता?’ असे विचारील का, याचा विचार करावा. विचारील, तर वर्णन ओळख पटवणारे आहे आणि कॉमा नको. विचारणार नाही, तर दोन्ही बाजूंना कॉमा हवा. पुढचा कॉमा घालून मागचा विसरणे ही नेहमीची चूक आहे. विशेषनामाविषयी ‘कोणते?’ असे कोणी विचारत नाही, म्हणून त्याच्या मागे येणाऱ्या वर्णनाला जवळजवळ नेहमीच कॉमा लागतो. ‘द रिव्हर दॅट फ्लोज थ्रू वडोदरा इज द विश्वामित्री’ यात नुसते ‘द रिव्हर’ म्हटल्यास कोणती नदी हे कळणार नाही, म्हणून कॉमा नाही. ‘द विश्वामित्री, विच फ्लोज थ्रू वडोदरा, इज नोन फॉर इट्स क्रॉकोडाइल्स’ यात नदीचे नावच आले आहे, म्हणून कॉमा आहे. माहिती तीच, नदी तीच, पण वाक्यातले काम वेगळे.

शहराच्या इतिहासावर निबंध लिहिताना या रचनेचा भरपूर उपयोग होतो. ‘सयाजीराव द थर्ड, हू केम टू द थ्रोन इन १८७५, रूल्ड अंटिल १९३९.’ ‘सयाजीराव, हूज स्कॉलरशिप टुक आंबेडकर टू कोलंबिया युनिव्हर्सिटी इन १९१३, वॉज बॉर्न इन कवळाणा.’ ‘श्री ऑरोबिंदो, हू वर्क्ड इन बडोदा फ्रॉम १८९३ टू १९०६, टॉट ॲट द कॉलेज.’ आणि त्याउलट, ‘द लॉ दॅट मेड प्रायमरी एज्युकेशन कंपल्सरी थ्रूआउट बडोदा स्टेट केम इन १९०६’ यात कायदे अनेक असतात, त्यांतला नेमका कोणता हे वर्णन सांगते, म्हणून कॉमा नाही. ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. कॉमाच्या वाक्यांत आवाज क्षणभर थांबतो आणि खाली येतो, शेवटच्या वाक्यात तो सरळ पुढे जातो.

कॉमाच्या वर्णनात ‘दॅट’ कधी येत नाही आणि ‘हू’ किंवा ‘विच’ कधी गाळता येत नाही. बिनकॉमाच्या वर्णनात वस्तूंसाठी ‘दॅट’च लिहावा, ‘विच’ लिहू नये, असा आग्रह विशेषतः अमेरिकी संपादक धरतात, आणि संगणकावरील व्याकरण तपासणारी साधनेही अनेकदा तसेच सुचवतात. ही विभागणी हेन्री फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या भाषावापराच्या कोशात सुचवली होती, पण बहुतेक लेखक आणि उत्तम लेखकही ती पाळत नाहीत, हे त्यांनी स्वतःच तेथे नोंदवले होते. ब्रिटिश लेखनात बिनकॉमाचा ‘विच’ सर्रास आढळतो. माझा सल्ला इतकाच की ‘दॅट’ची सवय लावून घेतल्यास कोठेच अडचण येत नाही, पण दुसऱ्याने ‘विच’ लिहिला म्हणून तो चूक ठरवू नये.

कॉमानंतरचा ‘विच’ कधी कधी एका नामाविषयी नसून मागच्या सबंध वाक्याविषयी असतो. ‘द ट्रेन केम ऑन टाइम, विच सरप्राइज्ड एव्हरीवन’ यात आश्चर्य गाडीचे नाही, ती वेळेवर आली याचे आहे.

‘जिथे’, ‘जेव्हा’ आणि ‘जे काही’

‘जिथे’साठी ‘व्हेअर’ येतो, परंतु जागेचे नाव दिसले की डोळे मिटून ‘व्हेअर’ लिहू नये. ‘कीर्ती मंदिर, व्हेअर नंदलाल बोस पेंटेड म्यूरल्स’ हे बरोबर, कारण त्यांनी चित्रे तेथे काढली. ‘कीर्ती मंदिर, विच वी व्हिजिटेड लास्ट संडे’ यात मात्र ‘विच’ हवा, कारण ‘व्हिजिट’ क्रियापदाला थेट कर्म लागते. ‘वी व्हिजिटेड देअर’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत. छोटे वाक्य वेगळे करून ‘देअर’ बसतो की ‘इट’, हे पाहिले की प्रश्न मिटतो. ‘व्हेअर’ आला की अव्यय जाते: ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’ किंवा ‘द हाउस आय लिव्ह इन’. काळासाठी ‘व्हेन’ याच धर्तीवर वापरावा.

‘व्हॉट’मध्ये नाम आणि ‘जे’ दोन्ही एकत्र सामावलेले असतात, म्हणून तो नामाच्या मागे कधी येत नाही. ‘व्हॉट यू सेड इज ट्रू’ ठीक. ‘द थिंग व्हॉट यू सेड’ नाही. ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’, ‘समथिंग’ यांच्या मागे ‘दॅट’ लावावा किंवा काहीच लावू नये.

मराठीच्या जवळ जाणारी रचना

‘द मॅन स्टँडिंग ॲट मांडवी गेट’, ‘द पॅलेस कम्प्लीटेड इन १८९०’ अशा रचनेत ‘हू इज’ किंवा ‘विच वॉज’ गळून नुसते धातुसाधित उरते. हे आपल्या ‘उभा असलेला’, ‘पूर्ण झालेला’ याच्या फार जवळचे असल्यामुळे मराठी माणसाला चटकन आवडते, फक्त ते नामाच्या मागे ठेवायचे. पण ‘-लेला’ दिसला की ‘-इंग’ असे समीकरण करू नये. ‘काल आलेला माणूस’ म्हणजे ‘द मॅन कमिंग यस्टर्डे’ नव्हे. येणे संपलेले आहे, म्हणून पूर्ण वाक्य लागते: ‘द मॅन हू केम यस्टर्डे.’ ‘पास असलेले विद्यार्थी’ यासाठी ‘स्टुडंट्स हॅविंग पासेस’ असे आपल्याकडच्या सूचनाफलकांवर सर्वत्र लिहितात. ‘स्टुडंट्स हू हॅव पासेस’ किंवा साधे ‘स्टुडंट्स विथ पासेस’ अधिक चांगले.

सरावासाठी काही वाक्ये

ही वाक्ये आधी स्वतः करून पाहावीत आणि मगच पुढचे वाचावे: ‘तू सांगितलेले दुकान बंद होते.’ ‘मुलगी अमेरिकेत असलेल्या काकू आमच्याकडे आल्या होत्या.’ ‘आम्ही गरबा खेळतो ते मैदान ओले आहे.’ ‘गुजराती वाचता येणाऱ्या मुलांनी हात वर करा.’ ‘सुरसागरच्या काठी भेटलेले गृहस्थ माझ्या वडिलांचे मित्र निघाले.’

पहिल्यात ‘ज्या दुकानाबद्दल तू सांगितलेस’ असा उलगडा होतो, म्हणून ‘द शॉप यू टोल्ड मी अबाउट वॉज क्लोज्ड’; ‘अबाउट’ राहिला असेल तर अव्ययाचा भाग पुन्हा वाचावा. दुसऱ्यात ‘ज्यांची मुलगी’ आहे, म्हणून ‘द आंटी हूज डॉटर इज इन अमेरिका केम टू सी अस’. काकूंचे नाव घातले असते तर मात्र कॉमा लागले असते. तिसऱ्याची दोन उत्तरे बरोबर आहेत, ‘द ग्राउंड व्हेअर वी प्ले गरबा इज वेट’ आणि ‘द ग्राउंड वी प्ले गरबा ऑन इज वेट’. चौथ्यात ‘ज्यांना वाचता येते’ हा फसवा ‘ला’ आहे, म्हणून ‘चिल्ड्रन हू कॅन रीड गुजराती, रेझ युअर हँड्स’, आणि त्यातला एकमेव कॉमा वर्णनासाठी नसून हाक मारल्यामुळे आला आहे.

पाचव्या वाक्यात मराठी काहीच सांगत नाही. ‘जे मला भेटले’ आणि ‘ज्यांना मी भेटलो’ या दोन्ही उलगड्यांना ‘भेटलेले’ सारखेच चालते, आणि कोण कोणाला भेटायला गेले हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. ‘द जेंटलमन आय मेट बाय सुरसागर टर्न्ड आउट टू बी माय फादर्स फ्रेंड’ हे बहुतेक प्रसंगी पुरते. पण ते गृहस्थ आपण होऊन समोर आले असतील, तर ‘द जेंटलमन हू केम अप टू मी बाय सुरसागर’ असे लिहावे, आणि या वाक्यातला ‘हू’ कर्ता असल्यामुळे तो गाळता येणार नाही.